साडेसत्तावीस डॉलरचा दंड: टूमस्टोनचं प्रकरण

२६ ऑक्टोबर १८८१. ॲरिझोना टेरिटरीतल्या टूमस्टोन गावात दुपारी न्यायाधीश वॉलेस यांच्यासमोर एक किरकोळ खटला चालला. आरोपी आइक क्लँटन, धंदा गुरांचा. रात्रभर दारू आणि पत्ते, झोपेचा पत्ता नाही. त्यात थोड्याच वेळापूर्वी गावचा मार्शल व्हर्जिल अर्पने मागून येऊन डोक्यात पिस्तूल हाणलेलं. गुन्हा काय, तर गावाच्या हद्दीत हत्यार घेऊन फिरणं. दंड २५ डॉलर, वर कोर्टाचा खर्च अडीच डॉलर. आइकने पैसे भरले. हत्यारं कुठे पोचवू, असं व्हर्जिलने त्याला विचारलं आणि ती ग्रँड हॉटेलात नेऊन ठेवली. कागदावर प्रकरण तिथेच मिटलं.

त्याच दुपारी तीनच्या सुमारास तीन माणसं मेली. पुढच्या पाच महिन्यांत आणखी चार गेली आणि व्हर्जिलचा डावा हात कायमचा निकामी झाला. ‘ओके कोरलची चकमक’ (कोरल म्हणजे घोडे ठेवायचं आवार) म्हणून जगभर माहीत असलेली गोष्ट ती हीच. तिच्यात बंदुका पुष्कळ आहेत, पण मला त्यातले जामीन, वॉरंट, साक्षी आणि नेमणुकीचे कागद जास्त रंजक वाटतात. त्या पाच महिन्यांत कोणी ना कोणी कागद दाखवूनच बंदूक उचलत होतं.

गाव, चांदी आणि गुरं

१८७७ साली एड शिफेलिन नावाचा माणूस अपाचे मुलखात खनिज शोधत फिरत होता. तिथे तुला दगड मिळेल तो तुझ्या थडग्याचाच, असं त्याला कोणीतरी सुनावलं होतं. त्याला चांदी मिळाली आणि त्याने जागेला तेच नाव ठेवलं: टूमस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड. १८७९ मध्ये गाव वसलं. दोन वर्षांत तिथे हॉटेलं, दारूचे गुत्ते, दोन वर्तमानपत्रं, वकील आणि फोटोग्राफर असं सगळं आलं होतं.

मेक्सिकोची सरहद्द तिथून जेमतेम ५० किलोमीटर. सरहद्दीपलीकडून गुरं हाकून आणायची, खुणा बदलायच्या आणि इकडच्या खाटकांना विकायची, हा धंदा जोरात होता. टूमस्टोनच्या कोचीस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ‘काउबॉय’ हा शब्द त्या काळी शिवीसारखा वापरला जायचा. सरळ धंदा करणारा माणूस स्वतःला रँचर म्हणवून घ्यायचा. क्लँटन आणि मॅकलॉरी कुटुंबांची स्वतःची कुरणं होती, गावात उठबस होती, आणि चोरीचा माल त्यांच्याकडे जिरतो अशी बोलवाही होती. जुलै १८८० मध्ये लष्कराची सहा खेचरं चोरीला गेली, तेव्हा माग काढणारी तुकडी मॅकलॉरींच्या रँचवर पोचली. तुकडीत लष्करी अधिकाऱ्याबरोबर व्हर्जिल आणि त्याचे भाऊही होते. अर्प आणि मॅकलॉरी यांच्यात वाकडं आलं ते तिथपासून. गावाला मात्र स्वस्त मांस हवंच होतं. ताटात पडलेलं गुरू कुठून आलं हे कोण विचारतो!

एका काउंटीत तीन बिल्ले

आपल्याकडच्या वाचकाला इथे जरा थांबावं लागतं, कारण ‘पोलीस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच खातं येतं. टूमस्टोनमध्ये तीन वेगवेगळे अधिकार होते. गावाचा मार्शल नगरपालिकेचा. शेरीफ काउंटीचा. आणि या दोघांवेगळा, वॉशिंग्टनच्या सरकारचा डेप्युटी यूएस मार्शल. तिघांचे वरिष्ठ वेगळे, हद्द वेगळी, कमाईही वेगळी.

व्हर्जिल अर्प १८७९ च्या अखेरीस गावात आला तो डेप्युटी यूएस मार्शलची नेमणूक खिशात घेऊनच. जून १८८१ पासून तो गावचा मार्शलही झाला. शेरीफ होता जॉनी बीहन. हे शेरीफपद म्हणजे पोलिसी कमी आणि वसुलीचं वतन जास्त. काउंटीत गोळा होणाऱ्या करातला दहावा हिस्सा शेरीफचा. चांदीच्या खाणींच्या काउंटीत दहावा हिस्सा म्हणजे किती, याचा अंदाज गावातल्या प्रत्येकाला होता.

व्हर्जिलचा धाकटा भाऊ वायट अर्प याचाही या पदावर डोळा होता. फेब्रुवारी १८८१ मध्ये कोचीस काउंटी नव्याने झाली, तेव्हा वायटने माघार घ्यायची आणि बीहनने त्याला आपल्या हाताखालचं अंडरशेरीफपद द्यायचं, असं ठरलं होतं. बीहनने शब्द फिरवला. ते पद गेलं हॅरी वुड्सकडे, आणि हा वुड्स ‘नगेट’ या वर्तमानपत्राचा संपादक. समोरच्या ‘एपिटाफ’चा संपादक जॉन क्लम गावचा मेयर आणि अर्प बंधूंचा पाठीराखा. म्हणजे गावातली दोन्ही वर्तमानपत्रं एकेका बिल्ल्याला बांधलेली. या प्रकरणातली निम्मी माहिती त्यांच्यातूनच आपल्यापर्यंत येते, तेव्हा वाचताना हे विसरून चालत नाही. (बीहनबरोबर राहणारी जोसेफिन मार्कस पुढे वायटबरोबर राहू लागली. सिनेमावाले यावर फार वेळ घालवतात. मला ते वैराचं मूळ वाटत नाही.)

आइकचं गुपित

१५ मार्च १८८१ च्या रात्री बेन्सन गावाच्या वाटेवर घोडागाडी लुटण्याचा प्रयत्न झाला. गाडीवान बड फिलपॉट आणि एक प्रवासी मारले गेले. संशय तिघांवर: लेनर्ड, हेड आणि क्रेन. घोडागाड्यांतून मौल्यवान माल पोचवणाऱ्या वेल्स फार्गो कंपनीने प्रत्येकावर १,२०० डॉलरचं इनाम लावलं.

वायटला पुढच्या निवडणुकीत शेरीफ व्हायचं होतं आणि त्यासाठी नाव हवं होतं. त्याने आइकला गाठून सौदा केला: तू या तिघांना माझ्या हाती दे, इनामाचे सगळे पैसे तुझे, नाव माझं. आइक तयार झाला. आता पाहा, हे तिघे आइकचे ओळखीचे, उठबस असलेले. त्यांना पैशासाठी विकायला निघालोय हे बाहेर फुटलं असतं, तर त्याच्याच लोकांनी त्याला उभा जाळला असता. सौदा फळाला आलाच नाही. जूनमध्ये लेनर्ड आणि हेड न्यू मेक्सिकोत मारले गेले. ऑगस्टमध्ये क्रेन मेला, सरहद्दीवरच्या ग्वाडालूप कॅन्यनमधल्या हल्ल्यात. आइकचा बापही त्याच हल्ल्यात गेला. सौद्यातला माल संपला, गुपित मात्र शिल्लक राहिलं. वायटने ते आपला मित्र डॉक हॉलिडेला सांगितलं असणार, हा किडा आइकच्या डोक्यात वळवळू लागला.

डॉक हॉलिडे मूळचा जॉर्जियातला दंतवैद्य. क्षयाने पोखरलेला, जुगारावर जगणारा, जिभेने तिखट. त्यात तो लेनर्डचा जुना दोस्त, त्यामुळे त्या दरोड्यात त्याचंही नाव घेतलं गेलं होतं. अर्प बंधूंची बाजू डॉकमुळे जितकी भक्कम झाली तितकीच ती बदनामही झाली.

सप्टेंबरमध्ये बिस्बी गावाजवळ आणखी एक गाडी लुटली गेली. मातीत बुटाच्या टाचेचा एक वेगळाच ठसा सापडला. बिस्बीच्या चांभाराकडे चौकशी केली तर तशी टाच त्याने फ्रँक स्टिलवेलच्या बुटाची बदलली होती. आणि फ्रँक स्टिलवेल कोण? शेरीफ बीहनचा डेप्युटी! कुंपणानेच शेत खाल्लं. त्याला आणि त्याचा साथीदार पीट स्पेन्स याला अटक झाली, पण पुरावा अपुरा ठरला. टपाल लुटणं हा केंद्र सरकारचा गुन्हा असल्याने त्यांना पुन्हा, या वेळी केंद्राच्या वॉरंटवर, पकडलं. फ्रँक मॅकलॉरीने या अटकेवरून अर्प बंधूंना धमक्या दिल्या. दोन बिल्ल्यांतली स्पर्धा आता उघड भांडणावर आली होती.

तीस सेकंद

२५ ऑक्टोबरच्या रात्री डॉक आणि आइक यांची सौद्यावरूनच बाचाबाची झाली. गंमत म्हणजे त्यानंतर पहाटेपर्यंत चाललेल्या पत्त्यांच्या डावात आइक, टॉम मॅकलॉरी, मार्शल व्हर्जिल आणि शेरीफ बीहन एकाच टेबलावर होते. डाव मोडल्यावर व्हर्जिल झोपायला गेला. आइक बंदूक घेऊन डॉकला आणि अर्प बंधूंना शोधत रस्त्यावर फिरू लागला. पुढचं कोर्टातलं दृश्य वर आलंच आहे. कोर्टाबाहेर वायटची टॉम मॅकलॉरीशी गाठ पडली, आणि वायटने त्याच्याही डोक्यात पिस्तूल घातलं. मला विचाराल तर त्या दिवसातली सगळ्यात अनावश्यक कृती हीच. थोड्या वेळाने टॉमचा भाऊ फ्रँक आणि आइकचा १९ वर्षांचा भाऊ बिली गावात आले ते आपापल्या भावाचं फुटलेलं डोकं पाहायलाच.

ज्या नियमावरून हे सगळं पेटलं तो नगरपालिकेचा ठराव क्रमांक ९, एप्रिल १८८१ मध्ये झालेला: गावात हत्यार बाळगायला बंदी. पण गावात येणाऱ्याला तबेल्यापर्यंत किंवा हॉटेलपर्यंत आणि जाणाऱ्याला गावाबाहेर पडेपर्यंत सवलत. फ्रँक आणि बिली यांच्याकडे हत्यारं होती आणि घोडेही बरोबर होते. ते निघाले होते की थांबले होते? निघाले असतील तर गुन्हा नाही, थांबले असतील तर पंचवीस डॉलरचा.

व्हर्जिलपुढे खरोखर पर्याय होते. नागरिकांच्या समितीने माणसं देऊ केली, त्याने ती नाकारली. थोडा वेळ जाऊ देता आला असता. त्याने सोबत घेतलं ते वायट आणि मॉर्गन या आपल्या भावांना आणि डॉकला. वेल्स फार्गोच्या कचेरीतून आणलेली आखूड नळीची बंदूक त्याने डॉकला लांब कोटाखाली लपवायला दिली आणि डॉकची काठी आपल्या हातात घेतली. रस्त्यातून चार माणसं बंदुका नाचवत चालली तर गाव बिथरेल, हा त्याचा विचार पोलिसाचा होता. त्यासाठी माणूस निवडला तो मात्र चुकीचा.

तोवर बीहन काउबॉयांकडे जाऊन आला होता. आधी अर्पांची हत्यारं काढून घ्या, मग आम्ही देतो, असं फ्रँकने त्याला सुनावलं. बीहन परत फिरला, फ्रीमाँट स्ट्रीटवर अर्पांसमोर आला आणि काहीतरी बोलला. अर्पांनी ऐकलं ते असं की मी त्यांना नि:शस्त्र केलंय. बीहनने नंतर कोर्टात सांगितलं की मी त्यासाठी तिथे गेलो होतो, एवढंच म्हणालो. व्हर्जिलने पिस्तूल कमरेला डाव्या बाजूला सरकवलं आणि काठी उजव्या हातात घेतली. गोळीबार करायला निघालेला माणूस उजवा हात काठीत अडकवत नाही.

जागा ओके कोरलच्या आतली नव्हतीच. फ्लाय नावाच्या फोटोग्राफरच्या घराशेजारी एक रिकामी बोळवजा जागा होती, रुंदी पंधरा-वीस फूट. त्यात नऊ-दहा माणसं आणि दोन घोडे. बाजू एकमेकींपासून जेमतेम सहा-दहा फुटांवर. हात वर करा, हत्यारं द्या, असं व्हर्जिल ओरडला. कोणीतरी बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज आला. थांबा, मला हे नकोय, अशा अर्थाचं काहीतरी व्हर्जिल म्हणाला, आणि दोन गोळ्या जवळजवळ एकदमच सुटल्या.

सुमारे तीस सेकंदांत तीसेक गोळ्या. निःशस्त्र असलेला आइक धावत येऊन वायटला बिलगला. लढ नाहीतर निघून जा, असं म्हणत वायटने त्याला ढकललं आणि तो पळाला. टॉम मॅकलॉरी घोड्याच्या आडोशाला होता. घोडा उधळून बाजूला झाला आणि डॉकच्या बंदुकीतले छर्रे त्याच्या उजव्या काखेखाली घुसले. फ्रँक रस्त्यावर पडला. बिलीच्या उजव्या मनगटात गोळी लागली तसं त्याने पिस्तूल डाव्या हातात घेतलं आणि भिंतीला टेकून, खाली घसरत गोळ्या संपेपर्यंत झाडत राहिला. व्हर्जिलच्या पोटरीत आणि मॉर्गनच्या पाठीत गोळी लागली, डॉकला कमरेपाशी ओरखडा. वायटला काहीच नाही.

स्पायसर यांच्यासमोर

तिन्ही मृतदेह एका दुकानाच्या काचेत मांडले गेले. वर फलक: टूमस्टोनच्या रस्त्यावर खून झालेले. अंत्ययात्रेला गाव लोटलं. आइकने खुनाची फिर्याद दिली. मॅकलॉरींचा वकील भाऊ विल टेक्सासहून येऊन फिर्यादी पक्षाला मिळाला. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर जवळजवळ महिनाभर प्राथमिक सुनावणी चालली आणि तीसेक साक्षी झाल्या.

फिर्यादी पक्षाचं म्हणणं सरळ होतं: हात वर केलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. बीहनची साक्ष त्यांच्या बाजूने. टॉमच्या अंगावर हत्यार सापडलं नव्हतं. त्याने आपलं पिस्तूल दुपारीच एका दारूच्या गुत्त्यात ठेवल्याची साक्षही आली. इथवर खटला जड होता. मग आइक उभा राहिला आणि त्याने स्वतःच्या हाताने तो बुडवला. दरोडा अर्पांनीच घातला आणि ते लपवण्यासाठी मला मारायला आले होते, असं त्याने सांगितलं. मारायचंच होतं तर अंगाला बिलगलेल्या निःशस्त्र आइकला वायटने सोडलं कशाला? स्पायसर यांनी नेमका हाच मुद्दा निकालात घेतला. सिल्स नावाच्या, गावात नव्याने आलेल्या रेल्वे इंजिनचालकाची साक्षही महत्त्वाची ठरली. त्याला दोन्ही बाजूंशी देणंघेणं नव्हतं आणि त्याने काउबॉयांच्या धमक्या ऐकल्या होत्या. शिवाय बिलीच्या मनगटाची जखम हात वर असताना होणारी नव्हती.

३० नोव्हेंबरला स्पायसर यांनी आरोपींना सोडलं. पण डॉक आणि वायटला सोबत नेणं हे व्हर्जिलचं अविचाराचं, ठपका ठेवण्याजोगं कृत्य होतं, असं त्यांनी निकालात स्पष्ट लिहिलं. कृत्य चूक, तरी गुन्हा नाही. हा भेद मला निकालातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो, आणि गावाला तोच पचला नाही. एका बाजूला निर्दोष एवढंच ऐकू आलं, दुसऱ्या बाजूला विकला गेलेला न्यायाधीश.

बायकोची साक्ष

२८ डिसेंबरच्या रात्री व्हर्जिल रस्ता ओलांडत असताना अर्धवट बांधलेल्या इमारतीतून त्याच्यावर छर्ऱ्यांच्या बंदुकीने गोळ्या झाडल्या. डाव्या दंडाच्या हाडाचा काही इंच तुकडा काढावा लागला. घटनास्थळी आइकची टोपी सापडली. आइक कोर्टात आला तो त्या रात्री आपण चार्ल्सटन गावी होतो असं शपथेवर सांगणारे साक्षीदार घेऊनच. सुटला.

१८ मार्च १८८२. कॅम्पबेल अँड हॅच यांच्या गुत्त्यात रात्री पावणेअकराच्या सुमारास मॉर्गन बिलियर्ड्स खेळत होता, मागच्या दाराकडे पाठ करून. दाराच्या काचेतून गोळी आली आणि मणक्यातून आरपार गेली. दुसरी गोळी वायटच्या डोक्यावरच्या भिंतीत घुसली. तासाभरात मॉर्गन गेला.

मृत्यूच्या चौकशीत पीट स्पेन्सची बायको मारिएटा पुढे आली. नवरा, स्टिलवेल आणि इतर काही जण यांची नावं तिने घेतली. ज्या नवऱ्याचा मार खात होती, त्याच्याविरुद्ध उभं राहायला त्या गावात काय छाती लागली असेल! पण खटला उभा राहिला तेव्हा बचाव पक्षाने हरकत घेतली: बायकोची नवऱ्याविरुद्धची साक्ष ग्राह्य नाही. हरकत मान्य झाली, खटला कोसळला.

अर्प सूडाला कधी प्रवृत्त झाले याचं उत्तर अनेक जण त्या बोळात शोधतात. मला ते आइक सुटला त्या सुनावणीत दिसतं. वायट तोवर कोर्टात लढत होता. जामीन भरत होता, वकील देत होता, लेखी निवेदन वाचत होता. चार्ल्सटनच्या साक्षीदारांनी ती वाट अर्धी बुजवली आणि मॉर्गनच्या खुन्यांवरचा खटला उभा राहायच्या आतच वायटने ती सोडली. व्हर्जिलवरच्या हल्ल्यानंतर त्याने यूएस मार्शल डेकला तार करून डेप्युटीची नेमणूक मिळवली होती. कागद तयार होता.

२० मार्चला जायबंदी व्हर्जिलला कॅलिफोर्नियाच्या गाडीत बसवायला वायट आणि त्याचे साथीदार टूसॉन स्टेशनवर आले. स्टिलवेल तिथेच होता. सकाळी रुळांच्या कडेला त्याचं गोळ्यांनी चाळण झालेलं प्रेत सापडलं. दोन दिवसांनी स्पेन्सच्या लाकूडतोडीच्या छावणीजवळ मॉर्गनच्या खुनातला एक संशयित, फ्लोरेंटिनो क्रूझ, मारला गेला. २४ मार्चला एका झऱ्यापाशी वायटने काउबॉयांचा म्होरक्या कर्ली बिल ब्रोशियस याला छर्ऱ्यांच्या बंदुकीने उडवलं, निदान वायटचं म्हणणं तसं. प्रेत कोणाला दाखवता आलं नाही. एक वर्तमानपत्र कर्ली बिल मेला म्हणे, दुसरं जिवंत आहे म्हणे.

आता चित्र पाहा. वायट केंद्राचा डेप्युटी, खिशात काउबॉयांची वॉरंटं. टूसॉनच्या खुनाबद्दल त्याच्याच नावे वॉरंट निघालेलं. ते बजावायला शेरीफ बीहन मागावर, आणि त्याच्या तुकडीत जॉनी रिंगो हा काउबॉय आणि आइकचा भाऊ फिन. ज्यांना वायट शोधतोय तेच शपथ घेऊन त्याला शोधताहेत. पिमा काउंटीचा शेरीफ बॉब पॉल, ज्याच्या हद्दीत स्टिलवेल मेला होता, तो असल्या तुकडीबरोबर जायला राजी झाला नाही. बीहनला कोणी सापडलं नाही. खर्चाचं बिल मात्र काउंटीला गेलं.

एप्रिलच्या मध्यावर वायट आणि डॉक ॲरिझोना सोडून निघाले. डॉकला डेन्व्हरमध्ये अटक झाली, पण कोलोरॅडोच्या गव्हर्नरने त्याला परत पाठवायला नकार दिला. १८७८ च्या कायद्याने लष्कराला पोलिसाचं काम करायला बंदी होती, म्हणून ३ मे रोजी राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी जाहीरनामा काढून टोळ्यांना पांगण्याची ताकीद दिली. जुलैमध्ये रिंगो एका ओकच्या झाडाखाली मेलेला सापडला, डोक्यात गोळी. आइकला १८८७ मध्ये गुरंचोरीच्या वॉरंटवर पकडायला गेलेल्या एका डिटेक्टिव्हने गोळी घातली.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कोल्टन नावाचं गाव नव्याने नगरपालिका झालं. मार्शलच्या निवडणुकीत लोकांनी मतं दिली ती व्हर्जिल अर्पला. डावा हात लुळाच होता. बिल्ला पुन्हा छातीवर लागला.